‘गर्दन मारिली’ आणि घडीखालच्या ओळी

"हा आवाज तुमचाच ना?"

दारात उभ्या असलेल्या बाईने मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला होता. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगावर नर्सचा पांढरा युनिफॉर्म, खांद्याला डब्याची पिशवी. तिने बटण दाबलं आणि माझा आवाज आमच्या जिन्यात घुमला.

"हो हो भुवड, वाचलं मी. ‘गर्दन मारिली’ असंच आहे. म्हणजे सरकारी हुकुमाने डोकं उडवलं. ही शिक्षा काय सभ्य माणसाला व्हायची नाही. गुन्हेगारच असणार."

आवाज माझाच होता. मागे भाजीवाल्याचं ‘मेथी घ्या मेथी’सुद्धा स्पष्ट ऐकू येत होतं.

"ज्यांना तुम्ही गुन्हेगार म्हणालात ना, ते आमचे मूळपुरुष," ती म्हणाली. "चार दिवस हा मेसेज आमच्या गावच्या ग्रुपवर फिरतोय. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिच्याकडे असला फोन नाही. म्हणून गावातल्या पोरांनी तिच्या अंगणात जाऊन, स्पीकरवर लावून तिला ऐकवला."

मी तिला आत बोलावलं. पाणी दिलं. माझ्या बायकोने स्वयंपाकघरातून माझ्याकडे अशी नजर टाकली की मी खुर्चीत बसलोच नाही, उभाच राहिलो.

आता माझा धंदा सांगतो. मी जाधव. पस्तीस वर्षं सरकारी दप्तरखान्यात मोडी कागद वाचले. मोडी म्हणजे पूर्वी मराठी भराभर लिहायची ती वळणदार लिपी. अक्षरं एकमेकांत अडकलेली, दोन शब्दांत जागा नाही, काना-मात्रेचा भरवसा नाही. रिटायर झाल्यावर परळच्या घरी बसून तेच करतो. लोक आजोबांच्या ट्रंकेतले कागद आणतात, मी त्यांचं लिप्यंतर करतो, म्हणजे तोच मजकूर आपल्या नेहमीच्या अक्षरांत उतरवून देतो आणि खाली सही-शिक्का मारतो. सहीशिवाय मी कधी काही सांगत नाही. म्हणजे सांगत नव्हतो, त्या मेथीच्या दिवसापर्यंत.

झालं होतं असं. अनंत भुवड नावाच्या गृहस्थांचा फोन आला. रत्नागिरीकडच्या एका गावाचं मुंबईत मंडळ आहे, त्याचे हे सेक्रेटरी. इन्शुरन्स कंपनीतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. मंडळाची स्मरणिका काढायची होती, म्हणून ग्रामदेवतेच्या पेटीतला एक जुना कागद त्यांनी मुंबईत आणला होता. व्हॉट्सॲपवर फोटो टाकला आणि म्हणाले, "साहेब, एकच शब्द सांगा. शेवटच्या ओळीत काय आहे?" मी दादरच्या मार्केटात उभा होतो. एका हातात पिशवी, एका हातात फोन. शब्द ओळखीचा निघाला. मला उगाच हुशारी दाखवायची खुमखुमी आली. व्हॉइस मेसेज पाठवून मोकळा झालो.

‘गर्दन मारणे’ हा शब्द आता कोणी वापरत नाही. आजचा माणूस ‘शिरच्छेद’ म्हणेल, पण तो झाला पोथीतला शब्द. जुन्या दप्तरात लिहिणारा कारकून ‘गर्दन मारिली’ लिहितो. गर्दन म्हणजे मान, फारसीतून आलेला शब्द. कधी ‘डोचके मारिले’ असंही सापडतं, ते जरा रांगडं. लढाईत माणूस मेला की कारकून ‘पडला’ किंवा ‘कामास आला’ असं लिहितो. दरोडेखोराने मारला तर ‘ठार केला’. पण ‘गर्दन मारिली’ लिहिलं असेल तर बहुधा समजायचं की सरकारने रीतसर शिक्षा देऊन मान उतरवली. कडेलोट, हत्तीच्या पायी देणं, या यादीतली शिक्षा. म्हणजे हा शब्द कोणी मारलं ते सांगतो. का मारलं ते त्यातून कळत नाही. पस्तीस वर्षं मी नवीन पोरांना हेच शिकवलं होतं आणि स्वतः भाजी घेताना विसरलो.

"पण ही गोष्ट इतक्या जुन्या काळची," मी त्या बाईंना म्हणालो. "त्याचं आता काय?"

तिचं नाव वनिता. माहेरची मांडवकर. परळच्याच एका हॉस्पिटलात नर्स. तिने सांगितलं ते असं. पाच वर्षांपूर्वी देवळाच्या पायऱ्या रुंद करायच्या म्हणून गावकीने मांडवकरांच्या अंगणातली जागा मागितली. गावकी म्हणजे गावातल्या मानकऱ्यांची पंचायत. सरकारी नव्हे, पण गावात तिचाच शब्द चालतो. वनिताच्या भावाने नाही म्हटलं. त्या वर्षीच्या शिमग्यात देवीची पालखी त्यांच्या दारावरून सरळ पुढे गेली. कोकणात शिमग्याला पालखी घरोघर जाते, बायका देवीची ओटी भरतात. मुंबईतला माणूस एकवेळ दिवाळीला जाणार नाही, पण पालखी दारात यायच्या दिवशी गावात असतोच. पालखी दार टाळून गेली म्हणजे त्या घराला वाळीत टाकलं. भाऊ बायकापोरं घेऊन पुण्याला गेला. आई हलायला तयार नाही. दर शिमग्याला अंगण सारवते, ओटीचं ताट तयार करून उंबऱ्यात बसते आणि पालखी जाताना बघते.

"कायदा आहे," मी म्हणालो. "बहिष्कार टाकणं गुन्हा आहे. केस करा."

"केस मी जिंकेन हो काका. पण पोलीस आणून पालखी थांबवायची का दारात? आईला तशी नको. तिला हात जोडून आलेली पाहिजे." तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "या वर्षी थोडेफार लोक आमच्या बाजूने वळत होते. तेवढ्यात हा कागद निघाला. आता म्हणतात, मांडवकर मूळचेच गुन्हेगार, सरकारने यांच्या पूर्वजाची मान कापली होती, तज्ज्ञाने सांगितलंय. येत्या रविवारी लालबागला सभा आहे. आमचं घर पालखीच्या फेरीतून कायमचं काढायचा ठराव आहे. आईला ऐकवलं त्या दिवसापासून ती जेवत नाहीये नीट. मला म्हणते, खरंच का गं आपण चोराचे?"

ती गेल्यावर बायको बाहेर आली. "पस्तीस वर्षं नोकरीत तोंड उघडलं नाहीत साहेबांसमोर, आणि भाजीवाल्यासमोर उघडलंत!" मला माझीच लाज वाटत होती.

मी भुवडांचा फोटो लॅपटॉपवर मोठा केला. या वेळी चष्मा लावून, बसून बघितला. सरकारचा शिपाई गावात मारला गेला, सबब भिकू मांडवकर याची गर्दन मारिली, इथपर्यंत मजकूर होता. मग काही नाही. जुन्या कागदाला शेवट असतो. ‘हें लिहिलें सही’ असं काहीतरी असतं, साक्षी असतात, निशाण्या असतात. इथे तसलं काहीच नव्हतं. खालच्या कडेला एक जाड काळसर सावली होती. ती कागदाची कड नव्हती. घडी होती. म्हणजे मी जो वाचून निकाल दिला तो अर्धा कागदच होता.

मी भुवडांना फोन लावला.

"साहेब, तुमचे आभार मानायचेच होते," ते म्हणाले. "रविवारपर्यंत तेवढं सर्टिफिकेट लेखी द्या ना. सही-शिक्क्यासकट."

"देतो. पण अस्सल बघितल्याशिवाय सही करता येत नाही." अस्सल म्हणजे मूळ कागद.

"तुम्ही फोटोवरून सांगितलंत की!"

"ते चुकलंच माझं. फोटोवरच्या सर्टिफिकेटला कोणी विचारत नाही. उद्या सभेत कोणी उठून म्हणालं, अस्सल बघितला का, तर तोंडावर पडाल तुम्ही."

हे त्यांना पटलं. शनिवारी दुपारी तीनला चिंचपोकळीच्या खोलीवर या म्हणाले.

गिरणगावात अशा खोल्या अजून आहेत. गावाची खोली म्हणतात. गिरणीत नोकरीला आलेले बाप्ये एका खोलीत पंचवीस-तीस जण पाळीपाळीने झोपायचे. आता तिथे मंडळाचं ऑफिस. भिंतीवर देवीचा फोटो, खाली ढोल, एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांचा ढीग. भुवडांनी लाल फडक्यातली पेटी समोर ठेवली, आधी नमस्कार केला आणि मग उघडली. माणूस वाईट नव्हता. पेटीचं झाकणसुद्धा त्यांनी दोन्ही हातांनी, हळूच उचललं.

कागद बघितला आणि मी कपाळाला हात लावला. हा कागद देवीच्या दागिन्यांबरोबर पेटीत असायचा. दर शिमग्याला पेटी निघाली की दागिन्यांना हळदकुंकू, तसं यालाही हळदकुंकू. वर तेलाचं बोट. किती पिढ्या, देव जाणे. देवाचा कागद म्हणून सगळ्यांनी पूजला आणि वाचला कोणीच नाही. हळद, कुंकू आणि तेल यांची अशी खळ झाली होती की खालचा भाग आधी स्वतःवरच दुमडून, मग घडी होऊन वरच्या भागाच्या मागे घट्ट चिकटला होता.

"हा सोडवावा लागेल," मी म्हणालो.

"कशाला? वरचं दिसतंय की."

"खाली लिहिलेलं आहे भुवड. बघा, मागून शाई उमटलीय."

"फाटला तर? साहेब, देवीचा कागद आहे. गाव मला जिवंत सोडणार नाही."

भीती मलाही होती. जुनी शाई काजळाची. पाणी लागलं की पसरते, आणि मजकूर कायमचा गेला. त्यामुळे ओलावा वापरायचा नाही. मी पिशवीतून बांबूची पातळ पट्टी काढली, फळं सोलायच्या सुरीएवढी. पंखा बंद करायला लावला. घडीच्या एका कोपऱ्यातून पट्टी आत सरकवायची, केसाएवढी पुढे न्यायची आणि थांबायचं. पुन्हा तेवढंच. एकदा ‘कट्’ असा आवाज झाला आणि भुवड ओरडलेच, "अहो!" कुंकवाची खपली उडाली होती. कागद शाबूत होता. माझ्या कपाळावरून घाम गळत होता आणि तो कागदावर पडू नये म्हणून मी मान बाजूला धरून काम करत होतो. सव्वा तास गेला. मग घडी सुटली.

खालच्या भागात सोळा ओळी होत्या आणि त्यांच्याखाली निशाण्या. मी वाचायला लागलो. मनात. चौथ्या ओळीपर्यंत आलो आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.

"काय लिहिलंय?" भुवडांनी विचारलं.

"उद्या सभेत सांगतो."

"साहेब, मला सांगा ना. सेक्रेटरी आहे मी."

"भुवड, एकदा तुम्हाला आधी सांगितलं त्याचं काय झालं ते बघतोय ना मी!"

पण इन्शुरन्समध्ये आयुष्य काढलेला माणूस. माझा चेहरा त्यांनी बरोबर वाचला. खुर्ची जवळ ओढली, आवाज खाली आणला.

"साहेब, सर्टिफिकेट वरच्या भागाचंच द्या. उतारा म्हणून. देतात ना उतारा?"

देतात. ते बरोबर बोलत होते. कागदातला हवा तेवढाच भाग उतरवून देणं याला उतारा म्हणतात आणि ते कायदेशीर आहे. नोकरीत मी असे शेकडो दिले. मी ‘गर्दन मारिली’पर्यंतचा उतारा दिला असता तर त्यात एक अक्षर खोटं नसतं. सही करून मोकळा झालो असतो. खरं सांगतो, एक क्षण वाटलंसुद्धा. आपण ना त्या गावचे, ना त्या देवीचे. पण त्या दिवशी मार्केटात मी तोंडी उताराच दिला होता, आणि एक म्हातारी जेवायची थांबली होती.

"देणार नाही," मी म्हणालो. "पूर्ण कागदाचं देईन, नाहीतर काहीच देणार नाही."

"मग काहीच नको. तुम्ही जा. आम्ही बघू आमचं."

आता पंचाईत होती. कागद त्यांचा, पेटी त्यांची. फोटो काढायला त्यांनी सुरुवातीलाच मनाई केलेली. रात्रीतून तो कागद कुठे गेला असता तर मी काय सिद्ध करणार होतो? मी म्हणालो, "मी जातो. पण उद्या सभेला येणार, आणि खाली सोळा ओळी आहेत एवढं सांगणार. मग लोक तुम्हालाच विचारतील." नोकरीतली रीत आठवली. मी एक मोठं पाकीट मागितलं, कागद दोन पुठ्ठ्यांत घालून आत ठेवला, तोंड चिकटवलं आणि चिकटवलेल्या जागेवर आडवी सही केली. पेन भुवडांपुढे धरलं. आधी त्यांनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं. शेवटी सही केली आणि पाकीट स्वतःकडे ठेवून घेतलं.

रविवारी सकाळी दहाला लालबागच्या एका शाळेच्या हॉलमध्ये सत्तर-ऐंशी माणसं जमली. पुढे टेबलामागे मंडळाचे अध्यक्ष, रामचंद्र आप्पा. जुने गिरणी कामगार, नव्वदीला टेकलेले, कानाला मशीन. वनिता मागच्या भिंतीला टेकून उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण ती बसली नव्हती. भुवड उठले आणि म्हणाले, पाकीट घरी राहिलं, ठराव तज्ज्ञांच्या व्हॉइस मेसेजवर मंजूर करू या.

मी उठलो. "मीच तो व्हॉइस मेसेजवाला," मी म्हणालो. "तो मेसेज चुकीचा आहे. मी अर्धा कागद बघून बोललो. माझी चूक झाली. पूर्ण कागद काल बघितलाय, आणि तो आल्याशिवाय माझं नाव वापरून काही मंजूर करू नका."

हॉलमध्ये एकच गलका झाला. "हे कोण?" "बाहेरच्या माणसाला कोणी बोलावला?" "मांडवकरांनी फिरवला असेल!" एक तरुण तर माझ्या अंगावर आला. आप्पांनी टेबलावर हात आपटला.

"अनंता, जा, घेऊन ये. आमी हितंच बसतो."

"आप्पा, घर लांब आहे."

"मग लवकर नीघ."

पाऊण तास आम्ही बसलो. माझ्याशी कोणी बोललं नाही. चहा फिरला, तो माझ्यापर्यंत आला नाही. माझ्या डोक्यात एकच विचार होता. भुवड आता येऊन सांगणार, कागद हरवला. पण ते आले, हातात पाकीट. मी सही तपासली, दोन्ही सह्या जशाच्या तशा. देवीच्या पेटीतला कागद लपवायची त्यांची तयारी होती, पण फाडायचं धाडस झालं नव्हतं.

मी मोठ्याने वाचलं. एक ओळ कागदातली, मग तिचा अर्थ साध्या मराठीत.

तो कागद म्हणजे कतबा होता. कतबा म्हणजे कबुलीपत्र, एकाने दुसऱ्याला लिहून दिलेला शब्द. दुष्काळाच्या वर्षी किल्ल्यावरून धान्य न्यायला शिपाई आले. गावाने पेरणीचं भात लपवून ठेवलं होतं. झटापट झाली, शिपाई मेला. घाव कोणाचा ते कोणालाच ठाऊक नाही, सगळाच गाव काठ्या घेऊन होता. किल्लेदाराने कळवलं, मारेकरी द्या, नाहीतर गाव जाळतो. गाव देवळात बसला. भिकू मांडवकर उठला आणि म्हणाला, माझं नाव सांगा. त्याला किल्ल्यावर नेऊन त्याची गर्दन मारिली. हा कतबा समस्त गावकऱ्यांनी त्याच्या बायकोला लिहून दिला होता. तुझा भ्रतार गावाकरितां गेला. तुझ्या लेकराला गाव सांभाळील. शिमग्यात देवीची पालखी आधी तुझे दारीं येईल, मग दुसऱ्यांकडे, चंद्रसूर्य असेतों.

मग मागून कोणीतरी ओरडला, "कागद खोटा आहे!"

"गेल्या आठवड्यात खरा होता," मी म्हणालो. "देवीच्या पेटीतला होता."

"खाली सह्या कुणाच्या हायत?" आप्पांनी विचारलं.

त्या काळी शेतकऱ्याला लिहिता येत नसे. सहीऐवजी तो निशाणी करायचा. कुणब्याची निशाणी नांगर. कारकून नाव लिहायचा आणि त्यापुढे छोटासा नांगर काढला जायचा. मी एकेक नाव वाचायला लागलो. पहिला नांगर आप्पांच्या घराण्याचा. दुसरा, तिसरा. ज्याचं आडनाव येई तो उठून उभा राही. सातवा नांगर भुवडांचा. तो मी आदल्या दिवशीच बघितला होता. कोणी न सांगता माणसं टेबलाभोवती जमली. एकाने आपल्या घराच्या नांगरावर बोट टेकवायला हात पुढे केला, मी ओरडलो, "हात लावू नका!" तर त्याने तेच बोट कपाळाला लावलं. सगळ्यात शेवटी एक आडवी काठी होती. ती गावच्या महाराची. त्याचं आडनाव नाही, नुसतं नाव. तेही मी वाचलं. माझ्या आजोबांच्या गावात पालखी आमच्या वस्तीकडे कधी वळली नाही. हे मी त्या हॉलमध्ये बोललो नाही, पण ते नाव वाचताना माझा आवाज जरा चढला.

"आनि मांडवकराचा नांगर कुठं हाय?" आप्पांनी विचारलं.

"त्यांचा नाही आप्पा. हा कागद त्यांना लिहून दिलाय. ज्याला लिहून दिलं तो सही करत नाही."

आप्पांनी कानातलं मशीन काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, "म्हंजे आपल्या बापजाद्यांनी शबूद दिला, आनि मोडला आपन." भुवड खाली मान घालून बसले होते. ठराव मांडलाच गेला नाही. मागे बघितलं तर वनिता भिंतीला टेकून खाली बसली होती आणि ओढणी तोंडावर धरून रडत होती. तिच्या शेजारी दोन बायका जाऊन बसल्या होत्या.

माफी वगैरे कोणी मागितली नाही. ‘गावकीशी बोलून कळवतो’ एवढंच झालं. मांडवकरांना दिलेला कागद गावकीच्या पेटीत कसा आला, ते मला विचारू नका. कागदात नाही आणि अंदाज सांगायची माझी सवय आता गेली आहे. महिनाभर काही कळलं नाही. मी पूर्ण लिप्यंतर टाईप करून, सही-शिक्का मारून एक प्रत मंडळाला आणि एक वनिताला दिली होती. शिमग्याच्या दिवसांत तिचा फोन आला. मागे ढोल वाजत होते, ती ओरडूनच बोलत होती.

पालखी देवळातून निघाली ती पहिली तिच्या आईच्या अंगणात आली. पुढे भुवड. म्हातारी ओटीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी. पालखी पुढे आली, तर म्हातारीने हात वर केला. वनिताकडून माझं लिप्यंतर मागून घेतलं आणि भुवडांच्या हातात दिलं.

"वाच," म्हणाली. "सगळा. वरपासनं."

पालखी खांद्यावर आहे. ती मध्येच जमिनीला टेकवता येत नाही. ढोल थांबले. भुवडांनी चष्मा शोधला आणि वाचायला लागले. ‘गर्दन मारिली’पाशी आले आणि अडखळले. म्हातारी म्हणाली, "पुढं." पुढचं सगळं त्यांनी वाचलं, नांगरांची नावंसुद्धा, स्वतःच्या आडनावासकट. खांदेकऱ्यांनी दोनदा खांदा बदलला. सगळं वाचून झाल्यावर तिने देवीची ओटी भरली. मग भुवडांपुढे तांब्या धरला. पाच वर्षांत त्या घरात गावातलं कोणी पाणी प्यायलं नव्हतं.

"घसा सुकला आसंल तुजा," ती म्हणाली. "पी."

भुवड तिथेच अंगणात बसले आणि तांब्या रिकामा केला.

माझ्यापुरता धडा साधा आहे. कागदातला एखादा शब्द कोणी फोनवर विचारला तर मी म्हणतो, "अस्सल घेऊन या, घरीच असतो मी." लोकांना मी आखडू वाटतो. वाटू दे.